आमच्याकडंबी हीच होती!

रविवारी सकाळी रंकाळ्याला एक फेरी मारायची आणि चहाच्या गाड्यापाशी थांबायचं, हा माझा बऱ्याच वर्षांचा परिपाठ. त्या दिवशी जावा काढली होती. वडिलांनी जुनीच घेतलेली, म्हैसूरच्या कारखान्यातली अडीचशे सीसीची जावा मोटरसायकल. किरमिजी टाकी, तिच्या दोन्ही अंगांना क्रोम, आणि क्रोमच्या कडेनं ओढलेली बारीक सोनेरी रेघ. गाडी स्टँडवर चढवली, चहा सांगितला, ग्लास हातात घेऊन मागं वळलो, तर गाडीवर एक गृहस्थ बसलेले.

साठीचे असतील. अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, जीन्स, कमरेला रुंद पट्टा. मला बघून उतरले नाहीत, उलट खुलले. "आमच्या अण्णांकडं हीच होती ओ! हीच!" म्हणाले आणि सीटवरून पुढं सरकत सरकत थेट टाकीवर जाऊन बसले. "मी असा फुडं बसायचो. अण्णा मागनं हँडल धरायचे. शाळेपत्तर असंच." वाकून त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं. क्षणभर ते खरंच सात वर्षांचे झाले होते. डोळ्यांत पाणी होतं. पट्ट्याचं बक्कल टाकीवरून घासत गेल्याचा आवाज मला आला, त्यांना आला नाही.

उतरल्यावर त्यांना तो ओरखडा दिसला. "जरा लागलं वाटतं," म्हणत त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, जणू पुसला तर जाईल. आणि मी काय म्हणालो? "असू दे ओ."

ओरखडा सोनेरी रेघेला आडवा गेला होता. ती रेघ मंगळवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या पेंटरनं ओढली होती. लांब केसांचा बारीक ब्रश, श्वास रोखलेला आणि एका दमात टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात. त्यासाठी मी दोन महिने त्यांच्या दारात खेटे घातले होते. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून त्यांचा हात स्थिर राहत नाही. तेव्हा जे गेलं ते गेलंच. स्टिकर मिळतो म्हणे, तसला.

त्या गृहस्थांवर मला आजही रागावता येत नाही आणि अडचण नेमकी तिथंच आहे. चोर आला तर काय करायचं हे आपल्याला ठाऊक आहे. कुणी मुद्दाम किल्लीनं ओरखडा ओढला तर शिव्या तयार आहेत, पोलीस चौकी आहे. पण प्रेमानं जवळ येणाऱ्याचं काय करायचं? गेली वीस-बावीस वर्षं मी जुन्या गाड्यांच्या आसपास वावरतो आहे. माझा अनुभव असा, की चोरापेक्षा जास्त नासधूस चाहते करतात. पहिल्यांदा हात लावतात ते चाहते. धूळ दिसली की बाहीनं, रुमालानं 'जरा पुसून' देतात तेही चाहतेच. पोराला उचलून सीटवर ठेवतात, पोरगं पेट्रोलचा कॉक फिरवतं, आणि रात्रभर कार्बुरेटर वाहत राहतो, तेव्हा खाली उभ्या बापाच्या तोंडावर निव्वळ कौतुक असतं.

रुमालाचं जरा सांगतो, कारण यात वाईट हेतू औषधालाही नसतो. आजच्या गाडीवर रंगाच्या वर पारदर्शक लॅकरचा एक कडक थर असतो. बारीक ओरखडा त्या थरातच अडकतो आणि पॉलिश केलं की बराचसा निघून जातो. जुन्या गाड्यांचा डुको रंग वेगळा. त्यावर तसला थर नाही. वर दिसतो तोच रंग, तो गेला की प्रायमर, प्रायमर गेला की पत्रा. धुळीचा कण म्हणजे बारीक वाळूच. कोरड्या रुमालानं ती पुसणं म्हणजे झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवणं. दहा जणांनी 'हलक्या हातानं' पुसलेली गाडी उन्हात धरा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतील. दरवाजांचंही तसंच. डुक्कर फियाट या जुन्या मोटारीच्या मालकांना विचारा. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, बिजागऱ्या मागच्या बाजूला. ज्याला माहीत नाही तो सवयीनं ओढतो, अडलं की जोर लावतो. त्या काळातली हँडलं बरेचदा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. वयानं ठिसूळ झालेली असतात, ती वाकत नाहीत, मोडतात. मोडल्यावर हातात आलेला तुकडा मालकाला परत देताना लोक काय म्हणतात माहीत आहे? "आधीच मोडलं होतं वाटतं."

आता त्या वाक्याकडं वळू. 'आमच्याकडं हीच होती.' जुनी गाडी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकानं ते ऐकलेलं असतं, दिवसातून चार-चार वेळा. त्यात एक बारीकशी हातचलाखी आहे. तुमच्या अण्णांकडं होती ती *अशी*. *ही* माझ्या वडिलांकडं होती. 'अशी'ची 'ही' झाली की आठवणीचा मालक गाडीचा मालक होऊन बसतो, अगदी शब्दशः, सीटवर. आठवणीवर तुमचा पूर्ण हक्क आहे, ती सांगा, मी चहा पाजून ऐकेन. पण तिची किंमत माझ्या टाकीच्या रंगातून का वसूल करता?

"आपण लोकच असे, शिस्त नाही, परदेशात बघा कसे लांबून बघतात," हे यावरचं नेहमीचं उत्तर. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण कोल्हापुरातच दर वर्षी दिसतं. दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात जाऊन उभे राहा. अंबाबाईची, तुळजाभवानीची पालखी येते आणि छत्रपती घराण्याची मंडळी जुन्या मेबॅक गाडीतून येतात. झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं बनवणाऱ्या जर्मन कारखान्याची ही मोटार. आमच्याकडच्या शेंबड्या पोराला ती ओळखता येते. चौक माणसांनी गच्च भरलेला असतो. शमीपूजन झालं की सोनं लुटायला जी झुंबड उडते ती बघण्यासारखी असते. आपट्याच्या पानांसाठी माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढतात, चपला हरवतात, शर्टाची बटणं तुटतात. तीच गर्दी मेबॅकला मात्र वाट करून देते. कुणी बॉनेटवर बसत नाही. कुणी बाहीनं काच पुसत नाही. माणसं लांबून हात जोडतात, फोटो काढतात, पोराला खांद्यावर घेऊन दाखवतात.

पोलीस असतात, दोर असतो, हे खरं. पण एवढ्या गर्दीला दोर पुरत नाही. तिथं मान असतो. म्हणजे दुसऱ्याच्या गाडीकडं कसं बघावं हे आम्हाला उत्तम येतं. न येण्याचा प्रश्नच नाही. येतं, पण कुणाच्या गाडीसाठी वापरायचं हे आपण ठरवून ठेवलेलं आहे. महाराजांची गाडी, देवाचा रथ, साहेबांची गाडी, आणि खरं सांगायचं तर गल्लीतल्या दादाची बुलेट. तिच्यावर बूड टेकवायची कुणाची छाती आहे? हात लागतो तो शाळामास्तरच्या लॅम्ब्रेटा स्कूटरला, शिरोलीत कामाला जाणाऱ्या फिटरच्या यझ्दीला. आपण मान देतो तो मालकाला. मालकीला नाही. मालक वजनदार असला की त्याची वस्तू आपोआप वजनदार होते, आणि मालक तुमच्या-माझ्यासारखा असला की त्याची वस्तू 'आपलीच' होते.

ही 'आपलीच' भारी गोड आहे. तिच्यापुढं नाही म्हणणारा कंजूष ठरतो. "गाडीला काय सोनं लागलंय?" "घासली का काय?" "मोठा आला गाडीवाला." मी 'असू दे ओ' म्हणालो त्यात मोठेपणा कमी होता आणि ही भीती जास्त होती. चारचौघांत, डोळ्यांत पाणी असलेल्या माणसाला 'उतरता का जरा' म्हणणारा मी कोण दिसलो असतो?

खरं तर ही सवय जुन्या गाड्यांपुरती नाहीच. कुठल्याही टपरीवर बघा. उभी केलेली मोटरसायकल म्हणजे फुकटचं बाकडं. अनोळखी माणसाच्या गाडीवर आडवं बसायचं, सायलेन्सरवर पाय ठेवायचा, चहाचा ग्लास टाकीवर टेकवायचा आणि मालक आला की सावकाश, त्याच्यावर उपकार केल्यासारखं उठायचं. चारचाकीच्या मागच्या काचेवरच्या धुळीत बोटानं नावं लिहायची. गणपतीच्या मिरवणुकीत गुलालाचा पंजा पांढऱ्या दारावर उमटवायचा. वाडीतल्या कुणाच्या तरी कुंपणावरून काठीनं जास्वंद ओढायची आणि हटकलं तर "देवालाच नेतोय" म्हणायचं. देवाला नेताय तर देवाच्या नावानं दारात हाक मारायला काय झालं?

पण इथं सरसकट बोलून चालणार नाही, कारण दुसऱ्याच्या गाडीला हात लावायची एक रीतही आपल्याकडं आहे आणि ती चांगली आहे. स्टेशनबाहेर, मंडईत, लग्नाच्या हॉलपुढं दुचाक्या दाटीनं लावलेल्या असतात. आपली काढायची तर शेजारची सरकवावी लागते. ते सगळे करतात आणि कुणी वाईट वाटून घेत नाही. त्यालाही एक वळण आहे. एका हातानं हँडल, दुसऱ्यानं मागचा दांडा धरायचा. आरशाला धरून ओढायचं नाही. लॉक असेल तर मागचं चाक उचलून वीतभर हलवायची. आणि हलवल्यावर ती पहिल्याइतकीच नीट उभी आहे ना हे बघून जायचं. कुणी शिकवलेलं नसताना शेकडो माणसं हे रोज नीट करतात. याला मी आगळीक म्हणणार नाही. गरजेपुरता स्पर्श आणि वस्तू होती तशी ठेवून जाणं, यात मालकाचा विचार आहे. तो समोर नसताना आहे, म्हणून जास्त मोलाचा आहे.

आगळीक हा शब्द मला फार आवडतो. व्यवहारात आपण तो मर्यादा सोडून केलेल्या सलगीला वापरतो, आणि मराठी कायद्याच्या भाषेत दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस करण्याच्या गुन्ह्यालाही तोच शब्द आहे. 1860 च्या दंडसंहितेत 50 रुपये किंवा त्याहून जास्त नुकसान करणाऱ्या आगळिकीला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, कलम 324 मध्ये तीच दोन वर्षं आता 20,000 रुपयांपासून एक लाखाच्या आतल्या नुकसानीला लागतात. दीडशेच्या वर वर्षांनी कायद्यानं रुपयांचा आकडा बदलला हे बरं झालं. पण त्या गुन्ह्याला नुकसान करायचा हेतू किंवा निदान जाणीव लागते. रंकाळ्यावरच्या गृहस्थांकडं दोन्ही नव्हतं. कायदा तिथवर पोचत नाही, पोचूही नये. डोळ्यांत पाणी आलेल्या माणसाला चौकीवर नेणारा समाज मला नकोय. म्हणूनच जे काही सांभाळायचं ते रीतीभातीनं सांभाळायला हवं.

"एवढी जपायची तर घरात ठेवा की, रस्त्यावर कशाला आणता?" हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. दारातली रांगोळी रस्त्याला लागूनच असते. बोळ अरुंद असेल तर निम्मी रस्त्यावरच येते. तरी माणूस पाय उचलून, अंग चोरून पलीकडं जातो. सायकलवाला हँडल वळवतो. उघड्यावर आहे म्हणून तुडवायला मोकळी, असं रांगोळीच्या बाबतीत आपल्या डोक्यातही येत नाही. आणि गाडी घरात ठेवून कशी चालेल? बंद राहिली की टाकीत गंज धरतो, रबर कडक होतं, ब्रेक अडकतात. चालवणं हाच तिचा औषधोपचार.

शिवाय सरकारचंही म्हणणं बघा. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' गाड्यांची स्वतंत्र सोय झाली. 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, फार फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000, मुदत 10 वर्षं. आणि अट अशी, की अशी गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे नियमानंच तिला दाखवण्याची वस्तू केलं. लोकांनी बघावी म्हणूनच ती बाहेर येणार. बघणाऱ्यानं आणि दाखवणाऱ्यानं एकमेकांशी कसं वागायचं हे मात्र कुठल्या राजपत्रात येणार नाही.

दुसरा आक्षेप जरा टोकदार असतो. "हे श्रीमंतांचे चोचले. लोकांना राहायला घर नाही आणि तुम्हाला ओरखड्याचं दुःख." बोलणाऱ्याची चीड मला कळते. पण श्रीमंताच्या गाडीला कुणाचा हात लागतच नाही हो. ती गॅरेजात असते, गॅरेजला कुलूप असतं, कुलपाला रखवालदार असतो. प्रदर्शनात आली तरी पितळी खांब आणि मखमली दोर घेऊन येते. माझ्या ओळखीचे जुन्या गाड्या राखणारे कोण आहेत? एक निवृत्त कंडक्टर. एक झेरॉक्सचं दुकान चालवणारा. एक उद्यमनगरातला टर्नर, जो रात्रपाळीनंतर लेथवर स्वतःच्या गाडीचे बुश कातून घेतो. सुटा भाग मिळत नाही तर बनवतो, जमला नाही तर पुन्हा बनवतो. वस्तूची किंमत पैशात मोजली तर चार आकडी, वेळात मोजली तर विचारू नका. मालकीचा मान राखावा म्हणतो तेव्हा मी याच माणसांची बाजू घेतो. ज्याच्याकडं दोर आणि रखवालदार नाही, त्याला लोकांच्या रीतीवरच भरवसा ठेवावा लागतो.

एक आक्षेप मात्र मला अडवतो. काही गाड्यांवर खरंच सगळ्यांचा थोडा हक्क असतो की काय? मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी घ्या. कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली, आणि टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा असल्यानं 30 ऑक्टोबर 2023 पासून तिची सेवा संपली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी घरातलं माणूस गेल्यासारखे लेख छापले. ज्या शहरानं चाळीस-पन्नास वर्षं तिच्या मागच्या सीटवर बसून बाळंतिणी नेल्या, वऱ्हाड नेलं, भांडणं केली, त्या शहराला ती 'आपली' वाटणारच. मलाही वाटते, आणि मी मुंबईकर नाही. पण प्रत्येक टॅक्सीच्या मागं एक माणूस होता, ज्यानं हप्ते भरले, पासिंग केलं, पावसाळ्यात बसलेलं इंजिन काढलं. शहराला काही राखायचं असेल तर शहरानं ती विकत घ्यावी, संग्रहालयात ठेवावी, पोरांना आत बसू द्यावं. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात जाऊन बघा, केवढे रणगाडे राखलेत. तेवढं केल्यावर 'आपली' म्हणायला कुणाची ना नाही. शहर पैसा घालणार नाही, जागा देणार नाही, आणि हक्क मात्र भावनेनं सांगणार, हे जमत नाही.

आणि आमच्या मंडळींनाही दोन शब्द, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. मालकी गाडीवर असते, रस्त्यावर नसते. बोळात आठ-आठ वर्षं कव्हर घालून उभी असलेली 'कलेक्शन'मधली गाडी, जिच्याखाली कुत्री विण्यापलीकडं काही घडत नाही, ती दुसऱ्याची जागा खाते. तिच्या मालकानं शेजारणीला 'गाडीला पिशवी लागू देऊ नका' म्हणून सुनावू नये. आणि बाहेर काढली तर दाखवायला शिकावं. सोन्याचांदीच्या दुकानात गिऱ्हाईक मागतं, सराफ ट्रे पुढं ठेवतो, गिऱ्हाईक विचारून हातात घेतं, बघून परत देतं. कुणी कुणावर गुरगुरत नाही. मी हल्ली पोरगं टकमक बघताना दिसलं की स्वतःच विचारतो, "बसणार काय?" गाडी मधल्या स्टँडवर असते, हँडल मी धरलेलं असतं, कॉक बंद असतो. मग ते कितीही वेळ बुर्रर्र करू दे. किक-गिअरची एकच दांडी असते ही जावाची गंमतही दाखवतो. मोठ्या माणसांना मात्र मी विचारत नाही. मोठ्या माणसांनी विचारावं.

हेच घरांनाही लागू आहे. पणजीच्या फोंतैन्हास या वस्तीत रंगीत जुनी घरं आहेत म्हणून फोटो काढणाऱ्यांची रीघ लागते. रहिवासी वैतागले आहेत, फोटो काढू नका अशा पाट्या लागल्या आहेत. रस्त्यावरून घराचा फोटो काढला तर फारसं बिघडत नाही. पण त्याच्या पायरीवर बसून, खिडकीला टेकून, दारातल्या स्कूटरवर मांडी घालून प्री-वेडिंगचे कपडे बदलत तीन तास शूटिंग करायचं? आत कुणी जेवत असतं, कुणी आजारी असतं. पुणेरी पाट्यांना आपण हसतो. पाटी लावायची पाळी आली म्हणजे त्याआधी किती जण न विचारता येऊन गेले असतील, याचा हिशेब कुणी करत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग, कारण तो माझ्याच जमातीचा आहे. जुन्या गाड्यांच्या बाबतीत सर्वांत निर्ढावलेले कोण असतील तर आम्ही, गोळा करणारे. आरएक्स 100, राजदूत 350, जावा, यझ्दी या मोटरसायकलींचे भाव चढले तशी खेडोपाडी फिरणारी माणसं वाढली. कुणाच्या वाड्याच्या पडवीत, कुणाच्या शेडमध्ये काय पडलंय याच्या बातम्या यांना घरच्यांच्या आधी लागतात. घरातला कर्ता गेल्याच्या तेराव्यानंतर आठवड्याभरात दारात उभे. "वहिनी, भंगारच आहे हो, जागा अडलीय तुमची. आम्ही नेतो उचलून." भंगाराचा भाव देऊन नेलेली गाडी महिन्याभरात कितीला गेली हे त्या वहिनीला कधी कळत नाही. एकदा 'द्यायची नाही' म्हटल्यावर दर पंधरा दिवसांनी फोन करणारे आहेत. आरसा, टाकीवरचा बिल्ला, हेडलाइटची रिंग अंधारात काढून नेणारे आहेत आणि वर "ती तिथं सडतच होती, माझ्याकडं निदान वापरात येईल" असं समर्थन. हेही प्रेमच. रंकाळ्यावरच्या गृहस्थांच्या प्रेमाचा हा निबर झालेला भाऊ. 'जो जपेल त्याची' हे वाक्य मी संग्राहकांच्या बैठकांत इतक्यांदा ऐकलंय, की एके काळी ते मलाही खरं वाटायचं.

गडहिंग्लजच्या बाजूला एका गावच्या जत्रेला गेलो होतो, त्या दिवसांतली गोष्ट. ज्यांच्याकडं जेवायला होतो त्यांच्या शेजारच्या गोठ्यात, म्हशीच्या पलीकडं, ताडपत्री आणि पोती टाकून काहीतरी झाकलेलं. ताडपत्रीच्या खालून एक चाक दिसत होतं, आणि त्या चाकावरून मला कळलं. गोठ्याला दार नव्हतं. आजूबाजूला कुणी दिसलं नाही. आत गेलो, वाकलो, आणि पुढच्या शील्डवरचा बिल्ला दिसतोय का म्हणून ताडपत्रीचा कोपरा वर केला.

"कोन हाय त्ये?"

मागं एक म्हातारी उभी होती. हातात शेणाची पाटी.

"आजी, लॅम्ब्रेटा न्हवं ही?" मी हसत म्हणालो. "आमच्या मामाकडंबी हीच होती."

"आसंल," ती म्हणाली. "पर झाकलीया, दिसतंय न्हवं? झाकल्यालं उगडायचं तर आदी इचारत्यात."

मी कोपरा खाली सोडला. ओशाळलो. मग काहीच सुचेना म्हणून विचारलं, "आजी, बघू काय?"

तिनं पाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि ताडपत्रीकडं बघून मान हलवली. "आत्ता न्हाई. आत कोंबडी बसलीया अंड्यावर. ती उठंस्तवर च्या घे."

कोंबडी उठायला पाऊण तास लागला.